डोकं सांभाळा

गाडी मी चालवते.
पंचावन्नाव्या वर्षी शिकले, आमखास मैदानावर,
दोन सायकली आणि उसाच्या रसाची एक पाटी पाडून.
हे शेजारी बसतात, पण अर्धे मागं वळून.
सव्वीस वर्षं वेरूळच्या बसमध्ये
ड्रायव्हरकडं पाठ, पाहुण्यांकडं तोंड, हातात माईक.
रस्ता ह्यांनी नेहमी सुटून गेल्यावरच पाहिलाय.

फ्रान्सला जायचं होतं.
आर्लच्या मादाम पेल्तिएंनी बोलावलं होतं,
पत्र अजून विम्याच्या फायलीत आहे.
आधी ह्यांचा गुडघा, मग व्हिसा, मग धाकटीचं बाळंतपण,
मग मादामच गेल्या.
लातूरला थोरलीकडं आलो होतो, तेव्हा मीच म्हटलं,
चला, औरादला माझ्या मावशीकडं जाऊन येऊ.
फक्त एक अट.
औसा ओलांडलं की मराठी बंद.

औसा सुटलं. ह्यांनी घसा साफ केला.
जानेवारीचं ऊन, दोन्ही अंगांना करडई,
नवी फुलं पिवळी, जुनी होत आलेली केशरी,
मधे हरभऱ्याचा पट्टा,
लांब एक नांगरून टाकलेला काळा तुकडा.
करडईला काय म्हणतात?
हे गप्प.
हरभऱ्याला?
गप्प.
घाट्याला, गोफणीला, कडब्याच्या गंजीला,
बांधावर पाय पसरून
लेकराची टाळू भरणाऱ्या त्या बाईला?
कुठल्याशा शेताच्या कोपऱ्यात सूर्यफूल दिसलं
आणि हे ओरडलेच, तुर्नसोल!
परक्या गावच्या बाजारात चुलतभाऊ भेटावा तसे.

तेव्हा कळलं,
ह्यांची ती भाषा म्हणजे खांब, छत, हत्ती, आठवं शतक,
नदीदेवतेची कंबर,
फोटो काढा पण फ्लॅश नको,
संडास तिकडं, बस साडेचारला.
आणि प्रत्येक बुटक्या दारापाशी थांबून
आतांस्यों आ ला तेत.
डोकं सांभाळा.
एवढंच.
एवढ्यावर दोन पोरींची शिक्षणं झाली.
आणि मी इतकी वर्षं
कुकरची शिट्टी थांबवून कान द्यायची,
फोनवर हे कुणाशी एवढं मऊ बोलतात म्हणून.
साडेचारची बस होती ती.

खरोशाची लेणी लागली. चढ ह्यांना झेपेना.
मी एकटी गेले वर. आत शेळ्यांचा वास, गारवा,
कुणीतरी खडूनं लिहिलेले पाढे, सतरापर्यंत.
खालून आवाज आला, आतांस्यों!
पहिल्यांदाच, पैसे न घेता.

निलंग्याच्या पुढं हे सरळ बसले.
का ते विचारलं नाही.
पुलावरून पाणी दिसलं, थोडंच, पण होतं.
ह्यांनी काच खाली केली आणि बराच वेळ
कुठल्याच भाषेत काही बोलले नाहीत.

औरादला फळ्यांवरची अक्षरं गोल व्हायला लागतात.
भालकीकडं जाणाऱ्या टेम्पोच्या पाठीवर काय लिहिलंय,
ह्यांना वाचता येईना. मला येत होतं, अडखळत.
आमच्या आईचं माहेर पलीकडचं.
कुसुबी, मी म्हटलं.
काय?
करडई. कुसुबी.
ह्यांनी खिशातली वही काढली, जुनी,
मादामांच्या पत्त्याच्या खालच्या ओळीत लिहून घेतलं.

मावशीचं दार बुटकं.
तली जोपान! म्हातारी आतून ओरडली,
आणि मी अर्थ सांगायच्या आत
ह्यांचं कपाळ चौकटीवर.
सगळे हसलो. मावशीनं हळद आणली.
टेंगूळ दाबत ह्यांनी मला विचारलं,
ह्याला काय म्हणतात तुमच्यात?

मी तोंड उघडलं.
गप्प बसले.
आईला माहीत असायचं.